फ्रीबीएसडी इतकी नेटकी, तरी सगळीकडे लिनक्सच का?

तुम्ही विचारलंय की फ्रीबीएसडी एवढी नेटकी असूनही लिनक्सच का पसरलं (दोन्ही विंडोजसारख्या, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), आणि त्यातही डेबियन सोडून लोक उबुंटूच का घेतात (या दोन्ही लिनक्सच्याच आवृत्त्या). मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा उत्तर दुकानाच्या बाजूनं.

पहिल्याचं कारण बरंचसं कोर्टात सापडतं. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्स बाहेर काढलं तेव्हा बीएसडीचा, म्हणजे फ्रीबीएसडी जिच्यातून निघाली त्या बर्कली विद्यापीठातल्या युनिक्स सिस्टिमचा, कोड कितीतरी मुरलेला होता. पण १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजनं बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय या कंपनीवर खटला भरला, बर्कलीचं विद्यापीठही त्यात ओढलं गेलं, आणि तडजोडीला १९९४ उजाडलं. मालकीचाच वाद असलेल्या कोडवर धंदा कोण उभा करणार? ३८६बीएसडी, म्हणजे साध्या पीसीवर चालणारी बीएसडी, वेळेत हाताशी असती तर लिनक्स बहुधा झालंच नसतं, असं खुद्द टॉरवाल्ड्स म्हणाला होता. जीपीएल लायसन्समुळं (बदललेला कोड वाटला तर तोही खुला ठेवायचा, ही त्याची अट) लिनक्स जिंकलं असंही काहीजण सांगतात; मला ते दुय्यम वाटतं. (बीएसडी संपली असं मात्र समजू नका. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालतात.)

उबुंटू मुळात डेबियनवरच उभी. २००४ मध्ये आली आणि नंतर कित्येक वर्षं ती बनवणारी कॅनॉनिकल कंपनी मागेल त्याला सीडी पोस्टानं फुकट पाठवायची. नेट रांगत असलेल्या आमच्यासारख्या भागात याचं मोल मोठं. २०११ ला ते बंद झालं, पण तोवर अडलं तर विचारायला गावात कुणीतरी तयार झालेलं होतं. डेबियनचं तत्त्व कडक: मुक्त नसलेलं फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारा, कंपनीनं बंद ठेवलेला कोड) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नको. तत्त्व चांगलंच, पण कित्येक लॅपटॉपांचं वायफाय सुरूच होत नसे. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर सोबत येतं. गिऱ्हाईक तत्त्व बघत नाही, वायफाय बघतं.

तरी आमच्याकडचा डीटीपीवाला उबुंटूही घेत नाही, फुकट असली तरी. कन्नड मजकूर नुडी या आणि मराठी श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरात, सगळा व्यवहार विंडोजवरचा, आणि जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाहीत. निपाणीची लग्नपत्रिका उद्या छापायची असताना अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, किती स्थिर आहे हे त्याला कुणी सांगायचं?