थीम पार्कच्या सहलीतली जादू घरच्या रोजच्या दिवसांत कशी आणता येईल?

आपण लिहिले आहे की, थीम पार्कच्या सहलीहून परतल्यापासून दोन्ही मुलांना घर नीरस वाटू लागले आहे, "पुन्हा कधी जायचे?" हा प्रश्न ती रोज विचारतात आणि त्यावर उपाय म्हणून त्यांची खोली राजवाड्यासारखी सजवण्याचा आपला विचार आहे. आमच्या घरी काही वर्षांपूर्वी हेच घडले होते आणि आम्हीही सुरुवात सजावटीपासूनच केली होती. भिंती रंगवल्या, छताला चमकणाऱ्या चांदण्या चिकटवल्या, सहलीतून आणलेल्या वस्तूंसाठी वेगळी फळी ठोकली. तीन आठवड्यांनी मुले त्या भिंतींकडे वळूनही पाहीनाशी झाली. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी थोडे थांबावे, असे मला मनापासून वाटते. त्या पार्कमध्ये मुलांना दिवसभर आई-वडील पूर्णपणे मिळाले होते आणि त्या दिवसाला ठळक सुरुवात व ठळक शेवट होता. घरी आणायचे ते हेच.

डिस्नेलँडची कल्पना कशी सुचली, हे वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः सांगितलेले आहे. शनिवार हा त्यांच्या दोन मुलींसाठी राखलेला दिवस असे. मुली मेरी-गो-राउंडवर बसत आणि ते बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत बसत. त्या बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आले की, पालक आणि मुले दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी. पुढे 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. ही हकीकत वाचली तेव्हा माझ्या लक्षात आले की, घरी मी कायम त्याच बाकावर बसलेली असते. मुले खेळतात आणि मी शेजारी बसून फोनवरचे निरोप पाहते, कपड्यांच्या घड्या घालते, अधूनमधून "छान, छान" म्हणते. सहलीत मात्र मी त्यांच्या शेजारच्या आसनावर होते, त्यांच्याइतकीच ओरडत होते आणि तासभराच्या रांगेत त्यांच्याशी बोलण्यावाचून मला दुसरे काही कामच नव्हते. परत आल्यावर मुलीला सहलीतले सर्वांत काय आवडले असे विचारले, तेव्हा तिने एकाही झुल्याचे नाव घेतले नाही. रांगेत बाबांनी शिकवलेला बोटांचा खेळ तिला आठवला. त्यामुळे पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच सांगेन की, दिवसातून अर्धा तास तरी बाकावरून उठावे. खेळ मुलांनी निवडावा, नियम त्यांचे असावेत आणि आपण त्यात खेळाडू असावे, देखरेख करणारे नव्हे.

हा अर्धा तास उरलेल्या दिवसापासून वेगळा कसा ठेवायचा, याचे उत्तरही डिस्नेलँडच्या बांधणीतच सापडते. त्या पार्कभोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे, त्यावरून रेल्वे धावते आणि आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचे जग सहसा दिसू नये, हा त्यामागचा हेतू आहे. आत जाण्यासाठी रेल्वेखालच्या बोगद्यातून जावे लागते. म्हणजे प्रत्येक पाहुणा एक उंबरठा ओलांडतो आणि तो ओलांडल्याचे त्याला जाणवते. घरात बांध घालता येत नाही, पण उंबरठा नक्की ठरवता येतो. आमच्याकडे त्या वेळी मोठा दिवा मालवून कोपऱ्यातला लहान दिवा लावतात आणि दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीतल्या टोपलीत जातात. हे काम मुलानेच आपल्याकडे घेतले आहे. तो टोपली घेऊन दोघांसमोर उभा राहतो आणि त्या टोपलीपुढे कार्यालयाचे कोणतेही कारण चालत नाही. खरे सांगायचे तर सुरुवातीचे काही दिवस हे मुलांपेक्षा आम्हालाच जड गेले.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. सहलीचा आनंद सहलीच्या कितीतरी आधी सुरू होतो, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. नेदरलँड्समध्ये 1,530 प्रौढांची पाहणी करून 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुट्टीवर जाणारे लोक जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परतल्यानंतर मात्र, अतिशय निवांत सुट्टी झालेल्यांचा अपवाद वगळता, त्यांच्यात आणि घरीच राहिलेल्यांत फारसा फरक उरला नव्हता. आपल्या मुलांचा हिरमोड त्यामुळे अगदी स्वाभाविक आहे. त्यांच्यापुढे वाट पाहण्यासारखे काही उरलेले नाही, आणि ते आपल्याला देता येते. आम्ही बुधवारी रात्री उशांखाली एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यात शनिवारी काय होणार याचा केवळ अर्धा सुगावा असतो. "अंधार पडल्यावर निघायचे आहे, खिशात विजेरी हवी" एवढेच. प्रत्यक्ष कार्यक्रम जवळच्या मोकळ्या जागेत रात्री फेरफटका मारून किडे पाहण्याचा असला, तरी मधले तीन दिवस मुले तर्क लढवण्यात घालवतात आणि ते तीन दिवसही सहलीचेच होतात.

आता पडद्यामागच्या कामाविषयी. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम हे पार्क 1971 साली सुरू झाले. तिथे पाहुणे ज्या रस्त्यांवरून चालतात त्यांच्या खाली कर्मचाऱ्यांसाठी भुयारी मार्गांचे जाळे आहे, जेणेकरून एका विभागाच्या पोशाखातला माणूस दुसऱ्याच विभागातून जाताना कुणाला दिसू नये. घरापुरता याचा अर्थ मी इतकाच घेते की, चिठ्ठी केव्हा लिहिली, सामान कुठे लपवले, त्यासाठी किती धावपळ झाली, हे मुलांना ऐकवू नये. "तुमच्यासाठी एवढे केले" हे एक वाक्य सगळ्या तयारीवर पाणी फिरवते.

मात्र घराचे संपूर्ण पार्क करू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगते. घरात भांडी घासावी लागतात, पसारा आवरावा लागतो आणि मुलांनी ते पाहिले पाहिजे, केलेही पाहिजे. या बाबतीत मला डिस्नेपेक्षा नेदरलँड्समधले एफ्टेलिंग हे थीम पार्क अधिक शहाणे वाटते. 1952 साली परीकथांचे वन म्हणून तिथे जे उभे राहिले, त्यात 1959 पासून एक खादाड माणूस तोंड उघडून बसलेला आहे. तो "कागद इकडे" असे ओरडतो, कागद तोंडाजवळ नेला की आत ओढून घेतो आणि आभारही मानतो. वस्तुतः ती कचरापेटी आहे. मुले त्याला भरवण्यासाठी आणखी कागद शोधत फिरतात. आम्ही एका मोठ्या खोक्याला तोंड कापले, डोळे रंगवले, आणि तेव्हापासून खेळणी आवरण्याची वेळ ही त्या राक्षसाच्या जेवणाची वेळ झाली. कोणी तरी खोक्यामागे बसून राक्षसाचा आवाज काढावा लागतो, हे खरे. दमलेल्या दिवशी तो आवाज अगदी क्षीण निघतो. तरीही त्या खोक्याने आमच्या घरातले रोजचे एक भांडण कायमचे मिटवले आहे. रंगवलेल्या भिंतींना जे साधले नाही ते त्याला साधले, कारण भिंत पाहायची होती आणि खोक्याला भरवायचे होते.

शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. मोठ्या पार्कमध्ये दिवसाचा शेवट आतषबाजीने होतो, आणि पायांचे तुकडे पडलेले असतानाही लोक त्यासाठी थांबतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांनी एकदा 60 सेकंद 14 अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात हात बुडवला, आणि दुसऱ्या वेळी तितकेच करून आणखी 30 सेकंद हात पाण्यातच ठेवला, पण त्या काळात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केले गेले. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबलेला निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आता घरातल्या दिवसाचा शेवट कसा होतो ते आठवून पाहावे. दात घासले का, दप्तर भरले का, अजून झोपला कसा नाहीस. मुलांच्या कानावर पडणारे अखेरचे शब्द बहुधा हेच असतात. आम्ही ही सगळी विचारपूस वीस मिनिटे अलीकडे ओढली आणि शेवटची दहा मिनिटे मोकळी केली. दिवा मालवून विजेरीने छतावर सावल्या पाडायच्या, प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, आणि अखेरीस नेहमी तीच धून गुणगुणायची. त्या धुनीला आम्ही एकही दिवस फाटा दिलेला नाही, भांडण झालेल्या दिवशीसुद्धा नाही.

पहिला प्रयत्न फसला तर नाउमेद होऊ नये. डिस्नेलँडच्या उद्घाटनाच्या दिवशी उन्हाने नवे डांबर मऊ पडले होते, पिण्याच्या पाण्याच्या अनेक तोट्या कोरड्या होत्या आणि बनावट तिकिटांमुळे गर्दी आवरेनाशी झाली होती. आमची चूक वेगळ्या प्रकारची होती: पहिल्या महिन्यात आम्ही दररोज काहीतरी मोठे करण्याचा घाट घातला आणि सगळेच थकलो. मोठी गोष्ट आठवड्यातून एकदाच पुरते. आणि ती वागणुकीच्या बदल्यात देऊ नये किंवा शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नये. शनिवार गमावण्याची भीती घातली की, बुधवारच्या चिठ्ठीत आनंदापेक्षा धास्तीच अधिक उरते.

राहिला "पुन्हा कधी जायचे?" हा प्रश्न. त्याचे उत्तर खरे द्यावे. पुढची दोन वर्षे जमणार नसेल तर तसे सांगावे. मुलांना "बघू" या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर कळतो. त्यानंतर कागद आणि पेन्सिल त्यांच्या हाती देऊन, घराचेच पार्क करायचे तर प्रवेशद्वार कुठे, रांग कुठून आणि शेवटी काय, हे त्यांनाच आखायला सांगावे. आमच्या मुलांनी पहिला झुला चार उशा आणि एका चादरीचा केला होता. तिकीट हातात देऊन त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारापासून रांगेत उभे केले, आणि रांग लांब असल्यामुळे वेळ घालवायला म्हणून मुलीने मला बोटांचा तो खेळ शिकवला.