छताच्या पट्ट्या उचकटण्याआधी

अरे, कॅम्परच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) आतल्या छताची पट्टी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नकोस, प्लायला खड्डे पडतील. प्लास्टिकची पाचर घे, पट्टी धरून ठेवणाऱ्या क्लिपेच्या अगदी जवळ सरकव आणि हळूच उचल; 'टक' झालं की पुढची क्लिप. दिव्याच्या वायरी असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. नाशकातल्या डिसेंबरच्या सकाळी प्लास्टिक पटकन तडकतं, म्हणून गाडी उन्हात तापू दे. घाई कसली?

पट्टीमागे पिवळसर डाग दिसला, प्लाय बोटाने दबला, तर तिथेच थांब. इगतपुरीच्या पावसात छतावरच्या व्हेंटच्या (हवेच्या झडपेच्या) कडेने पाणी झिरपलेलं असणार. वरून जुनं सीलंट (फटी बुजवायचा लेप) खरवडून नवं भर, प्लाय पूर्ण सुकू दे, मगच पट्टी. तुटक्या क्लिपा फेविक्विकने चिकटवू नकोस, नव्या घे; स्वस्त असतात.