गाठ एका जागी, अडतं भलतंच काम: असं का होतं?

फोंड्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांच्या मेंदूत डावीकडे, कपाळामागे लिंबाएवढी गाठ निघाली आहे, ग्लायोमाचा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठीचा) संशय आहे. बोलण्याची जागा गाठीपासून लांब आहे असं डॉक्टर म्हणतात. मग बाबांना साधे शब्द का आठवत नाहीत, दिवसभर गप्प का असतात? आणि आरत्या मात्र धडाधड म्हणतात, तेव्हा हे ढोंग तर नव्हे?

ढोंग नव्हे. हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. माझी नोकरी वाचा-उपचारात गेली, असे पेशंट पुष्कळ पाहिले. एक गृहस्थ घुमट वाजवत गणपतीची आरती शेवटच्या कडव्यापर्यंत बिनचूक म्हणायचे. समोर चावी धरली की "ते... ते दार... दाराचं..." इथे गाडी अडायची. तोंडपाठ आरती, एक ते दहा आकडे, अगदी शिव्यासुद्धा (घरच्यांची पंचाईत व्हायची) सहज येतात. प्रसंगाला नेमका शब्द शोधून काढणं हे मेंदूला फार जड काम आहे.

डॉक्टरही चुकीचं बोललेले नाहीत. 1861 मध्ये फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात बोलण्याशी जोडलेली जागा दाखवली, तेव्हापासून आपण "अमुक कामाची अमुक जागा" असा विचार करतो. पण कुठलीही जागा एकटी काम करत नाही. आतल्या पांढऱ्या भागातून तंतूंच्या जाड जुड्या जातात, त्या या जागा एकमेकींना जोडतात. पुढच्या भागात एक जुडी वरच्या-आतल्या बाजूकडून ब्रोकाच्या जागेकडे उतरते. तिला धक्का लागला तर शब्द शाबूत असूनही बोलायला सुरुवातच होत नाही. गोव्यात जुवारी पूल बंद पडला की कोंडी पर्यायी रस्त्यावरच्या बोरीच्या पुलावर होते, तसंच हे. बोरीच्या पुलाला काही झालेलं नसतं.

गाठ कुठल्या जातीची, यानेही फरक पडतो. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो आणि सहसा मेंदूला बाहेरून दाबतो. दाब गेला की बरंचसं काम परत येऊ शकतं. ग्लायोमा याच तंतूंच्या कडेकडेने आत पसरतो. एमआरआयमध्ये दिसते तिथे गाठ संपत नाही, आणि तिने व्यापलेल्या भागातही चालू पेशी असतात. म्हणून सर्जन "सगळी काढून टाकू" असं चटकन म्हणत नाहीत. 2019 मध्ये स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या गटांनी दाखवलं की काही ग्लायोमांच्या पेशी चेतापेशींशी चक्क सिनॅप्स (संदेश देण्याघेण्याचे सांधे) जोडतात आणि त्यांच्या संदेशांवर वाढतात. म्हणजे मेंदूच्या जाळ्यात गाठ स्वतःच शिरकाव करते.

तरी सगळा दोष गाठीवर टाकू नका. भोवतालची सूज कधी गाठीपेक्षा मोठी असते. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन सुरू केल्यावर दोन-चार दिवसांत माणूस बोलता झालेला मी पाहिला आहे. (ते औषध मनाने बंद करू नका, आणि साखर तपासत राहा.) काही सेकंद टक लावून बघणं, मध्येच बोलणं तुटणं, हीसुद्धा फिट असू शकते, मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. फिटच्या गोळ्यांनी, विशेषतः लेव्हेटिरासिटॅमने, काही जण चिडचिडे होतात. आणि गप्प बसणं म्हणजे दरवेळी उदासी नव्हे. कपाळामागचा भाग बिघडला की आपणहून काही करायची ऊर्मीच जाते. "जेवता का?" विचारून उत्तर येणार नाही, पान वाढून समोर ठेवलं तर जेवतील.

ऑपरेशन ठरलं तर भाषेचा विषय तुम्हीच काढा. आपल्याकडे घरात कोकणी, वाचन मराठीत, नोकरी इंग्रजीत. पेशंटला जागं ठेवून, चित्रांची नावं विचारत ऑपरेशन करतात तेव्हा प्रत्येक भाषा वेगळी तपासावी लागते, कारण भाषांच्या जागा काही एकच असतात, काही वेगळ्या. बाबा हिशेब कुठल्या भाषेत करतात, डावखुरे आहेत का, पेपर कुठला वाचतात, हे कागदावर लिहून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे दाखवताय तिथे न्या.

सकाळी उलटीसह जोराची डोकेदुखी, वाढती गुंगी किंवा न थांबणारी फिट आली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, 108 ला फोन करा.