वाचकांचे प्रश्न : न्यूट्रॉन कुठे मोडतो, कुठे टिकतो

प्रश्न : सुटा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांत मोडतो म्हणतात. मग अणुकेंद्रकातले न्यूट्रॉन कसे टिकून राहतात?

उत्तर : पंधरा मिनिटं हे सरासरी आयुष्य झालं, नेमकं सांगायचं तर सुमारे 880 सेकंद. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे न्यूट्रॉन मोडायला लागणारा वेळ, साधारण 610 सेकंद. या दोन आकड्यांची गल्लत फार होते.

आता वस्तुमानाचा हिशेब. ‘प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं वस्तुमान सारखंच’ हे शाळेतलं वाक्य इथे विसरायचं, कारण सगळी गंमत त्या बारीक फरकातच आहे. प्रोटॉन 938.272 आणि न्यूट्रॉन 939.565 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात; या उत्तरातले पुढचे वस्तुमान-ऊर्जेचे आकडे याच एककात), म्हणजे फरक 1.293. न्यूट्रॉन मोडला की प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो (जवळपास वस्तुमान नसलेला, भाररहित कण) निघतात. इलेक्ट्रॉनसाठी 0.511 खर्ची पडतात आणि उरलेले 0.782 या कणांच्या गतीत जातात. ऊर्जा शिल्लक राहते, म्हणून सुटा न्यूट्रॉन मोडू शकतो. (इलेक्ट्रॉन आधीपासून आत दडलेला नसतो, तो त्याच क्षणी तयार होतो.)

ड्यूटेरॉन, म्हणजे जड हायड्रोजनचं केंद्रक, यात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. बंधन-ऊर्जा (दोघांना वेगळं करायला लागणारी ऊर्जा) 2.224, ती वस्तुमानातून वजा होते, म्हणून एकूण वस्तुमान 1875.613. यातला न्यूट्रॉन मोडला तर हाती येणार दोन प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, म्हणजे 1877.055, शिवाय दोन प्रोटॉन एकमेकांना बांधून राहत नाहीत. वरचे 1.442 आणायचे कुठून? त्यामुळे न्यूट्रॉन मोडतच नाही. ट्रिटियममध्ये (एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असलेला हायड्रोजन) मात्र मोडल्यावर हेलियम-3 बनतो आणि जेमतेम 0.0186 शिल्लक राहतात. तेवढेही पुरतात, फक्त अर्धायुष्य 12.3 वर्षांवर जातं.

स्वतः गणित करताना तक्त्यातलं वस्तुमान अणूचं आहे की केंद्रकाचं, हे आधी बघा. अणूच्या वस्तुमानात इलेक्ट्रॉन धरलेले असतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर दर इलेक्ट्रॉनमागे 0.511 ची चूक होते, आणि ट्रिटियमचं उत्तर थेट उणे येतं.

प्रश्न : न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, तरी चुंबकाचा त्याच्यावर परिणाम का होतो?

उत्तर : न्यूट्रॉन ज्या तीन लहान कणांचा, म्हणजे क्वार्कांचा, बनतो त्यांच्यावर भार असतो : एकावर +2/3, दोघांवर प्रत्येकी −1/3. भारांची बेरीज शून्य होते, चुंबकीय आघूर्णाची (कणाची चुंबक म्हणून ताकद आणि दिशा) होत नाही. ते −1.913 न्यूक्लिअर मॅग्नेटॉन (अशा आघूर्णाचं एकक) भरतं. उणे चिन्हाचा अर्थ, दिशा स्पिनच्या (कणाच्या अंगभूत फिरकीच्या) उलट. याच गुणामुळे न्यूट्रॉनच्या झोतातून पदार्थातली चुंबकीय रचना कळते. मँगनीज ऑक्साइडमधले अणुचुंबक आलटूनपालटून उलटे असतात, हे 1949 साली असंच दिसलं.