पोलंडला निघालेल्यांच्या शंका

होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, अभ्याससहलीला जाणाऱ्या कॉलेजच्या गटांची पूर्वतयारी मी करून घेतो, एवढंच मागे या सदरात लिहिलं होतं. तेव्हापासून पत्रं थांबलेली नाहीत. निम्म्या पत्रांत तेच ते घोळ, आणि त्यातले बरेचसे मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून आलेले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं आता माझ्याच्याने होत नाही, म्हणून इथे एकत्र देतो.

प्रश्न : आम्ही इतिहास विभागाचे २२ विद्यार्थी. वॉर्सा आणि क्राकोव मिळून सहा दिवस, बर्लिन दोन दिवस. विमान बर्लिनला उतरतं, म्हणून व्हिसा जर्मनीचा काढायचा असं एकाचं म्हणणं आहे. (पुणे)

पोलंडचा. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. विमान कुठे उतरतं हे बघायचं ते दोन्हीकडे सारखेच दिवस असतील तेव्हा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंतही चालतो, पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर राहिलात तर २२ पैकी चारजण विमानतळावर टाटा करायला येतील. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. कागदपत्रांची यादी व्हिसा केंद्राकडून ताजी घ्या, सीनियरच्या यादीची झेरॉक्स फिरवू नका.

प्रश्न : मी आखेनला एम.एस. करतोय, जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे. क्राकोवला जायला वेगळा व्हिसा लागेल का?

नाही. परमिट आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवा. परमिटची मुदत संपत आली असेल तर निघण्याआधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न : टूरवाल्याने एक दिवसाचं पॅकेज दिलंय : सकाळी ऑशवित्झ, दुपारी मिठाची खाण, रात्री हॉटेलवर भारतीय जेवण. ‘ऑशवित्झची तिकिटं संपलीत, आमच्याकडे शेवटची थोडी आहेत, आजच पैसे भरा’ असं म्हणतो. भरू का? (ठाणे)

भरू नका. ऑशवित्झ या नाझी छावणीच्या स्मारकात प्रवेश मोफत आहे, पैसे पडतात ते मार्गदर्शकाचे. प्रवेशपास नावानिशी निघतो आणि दारावर ओळखपत्र तपासतात. त्यामुळे ‘शेवटची थोडी’ कोणाच्या नावाची आहेत, हे त्याला जरूर विचारा. नोंदणी संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होते. नेहमीची फेरी साडेतीन तासांची असते. विद्यार्थ्यांसाठी त्याहून लांब अभ्यासफेऱ्याही आहेत, त्यांच्या शिक्षण विभागाला ईमेल करा. पण आत्ता करा. परीक्षा संपल्यावर बघू म्हणाल तर तारखा गेलेल्या असतील.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागल्यावर सांगतोय. एका वर्षी आम्हीही एका कंपनीवर विसंबलो. मूळ छावणीत दोन तास दिले आणि तिथून तीन किलोमीटरवरच्या बिर्केनाऊच्या, म्हणजे जिथे बहुतेकांना मारलं त्या ऑशवित्झच्याच दुसऱ्या भागाच्या, दारात बस वीस मिनिटं उभी केली. ‘फोटो काढून या.’ डिसेंबरची थंडी, मुलं पळत गेली, रुळांवर उभी राहिली, पळत परत आली. बस सुटल्यावर मागच्या सीटवरून एकीने विचारलं, “सर, पण माणसं मारली कुठे?” मी काचेबाहेर बोट दाखवलं, तोवर नुसती शेतं लागली होती.

प्रश्न : सरांनी कार्यक्रमात ट्रेब्लिंका ठेवलंय. तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसते दगड आहेत म्हणे. त्याऐवजी आणखी एखादी छळछावणी बघावी असं गटाचं मत आहे. शिवाय ऑशवित्झच्या त्या प्रसिद्ध फाटकाखाली ग्रुप फोटो काढायचा बेत आहे. चालेल ना? (नागपूर)

इथे मी जरा लांब बोलणार आहे. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

घोळाचं मूळ आपल्या एका शब्दात आहे : छळछावणी. मराठीत आपण तो सरसकट सगळ्या ठिकाणांना लावतो. जर्मनीतल्या दाखाऊला तो लागू पडतो. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मार्च १९३३ मध्ये, राजकीय विरोधकांना डांबण्यासाठी ती छावणी उघडली. बराकी, हजेरी, मजुरी, मार, उपासमार. तिथे हजारो माणसं मेली, पण तरी ती जागा माणसं ठेवण्यासाठी बांधलेली होती.

ट्रेब्लिंकात कोणाला ठेवायचंच नव्हतं. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, गाड्या सुटायला लागल्या. गाडीतून उतरलेला माणूस बहुधा दोन-तीन तासांत संपलेला असे. बराकी होत्या त्या कपडे आणि प्रेतं हलवायला जिवंत ठेवलेल्या थोड्या कैद्यांसाठी. पुढे फलाटाजवळ खोटं स्टेशन उभारलं, त्यावर काटे रंगवलेलं घड्याळ लावलं. साधारण वर्षभरात तिथे आठ ते नऊ लाख माणसं मारली. एवढ्या कामाला एस.एस.ची, म्हणजे हिटलरच्या खास सशस्त्र दलाची, माणसं किती? पंचवीस-तीस, आणि हाताखाली शंभरेक पहारेकरी. याला छळछावणी म्हणालात की सगळं चित्रच चुकतं. मी ‘संहारकेंद्र’ म्हणतो. शब्द रुक्ष आहे, असू दे.

२ ऑगस्ट १९४३ ला कैद्यांनी उठाव केला. त्यानंतर काही महिन्यांत नाझींनी सगळं पाडलं, जमीन नांगरली आणि वर एक शेतघर बांधून ठेवलं. म्हणजे ‘बघण्यासारखं काही नाही’ ही व्यवस्था त्यांनीच करून ठेवलेली आहे. आणि आपण तेच कारण देऊन ती जागा कार्यक्रमातून काढणार?

आता फाटक. ऑशवित्झमध्ये छळछावणी आणि संहारकेंद्र दोन्ही होतं, म्हणून तिथे गोंधळ जास्त. सुमारे तेरा लाख माणसं तिथे आणली, अकरा लाख मारली गेली. त्यांतले दहा लाखांच्या आसपास ज्यू, बाकी पोलिश, रोमा, सोव्हिएत युद्धकैदी. नंबर देऊन नोंदलेले कैदी किती? चार लाखांच्या आसपास. उरलेल्या नऊ लाखांतल्या बहुतेकांना नंबर नाही, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे नाहीत, बराक नाही. फलाटावरून थेट गॅस चेंबरकडे. हातावर गोंदलेला नंबर म्हणजे निदान कोण कामाला आणि कोण मारायला ही फलाटावरची पहिली निवड पार केल्याची खूण. ‘काम मुक्ती देतं’ असं लिहिलेलं ते फाटक मूळ छावणीचं आहे. बिर्केनाऊत उतरवून मारलेल्या बहुसंख्य लोकांनी ते कधी पाहिलंही नाही. त्याखाली ओळीने उभं राहून काढलेला फोटो नेमका कोणाच्या आठवणीचा, ते गटाने ठरवावं. मी माझ्या गटांना तिथे थांबू देत नाही, आणि जमलं तर बिर्केनाऊ आधी दाखवतो.

आणि ते ‘नुसते दगड’. ट्रेब्लिंकात सुमारे १७,००० दगड उभे आहेत, काहींवर ज्यूंच्या उजाड झालेल्या गावांची नावं आहेत. माणसाचं नाव फक्त एका दगडावर : यानुश कोर्चाक. वॉर्सातल्या अनाथाश्रमाचे हे डॉक्टर. घेट्टोत असताना १८ जुलै १९४२ ला त्यांच्या आश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं. आजारी अमल खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, ते नाटक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे २०० मुलांना ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढवलं आणि डॉक्टर त्यांच्याबरोबर गेले. नाटक छोटं आहे. गटाने बसून वाचून टाका आणि मग त्या दगडापाशी जा. वॉर्साहून ते साधारण शंभर किलोमीटर आहे, एक दिवस मोडतो. दिवस कमी पडत असतील तर बर्लिनची खरेदी कापा. तरी शेवटचा शब्द तुमच्या सरांचा. त्यांनी ट्रेब्लिंका ठेवलंय यावरूनच ते समजून आहेत असं दिसतं, त्यांच्याशीच बोला.

प्रश्न : आजी सांगायची, कोल्हापूरजवळ वळिवड्याला हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू राहायचे. हे सादरीकरणात घेतलं तर छान ‘लोकल कनेक्ट’ होईल ना?

आजींनी पोलिश लोक पाहिले हे खरं, पुढची जोड ऐकीव. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, त्यांत बायका-मुलं जास्त. पण ते आले होते स्टालिनच्या हद्दपारीतून, सैबेरिया आणि कझाकस्तानातून, आणि बहुतेक कॅथलिक होते. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलं सांभाळली, त्याचीही हीच कथा, तीही दरवर्षी ‘हिटलरपासून वाचवलेली मुलं’ होऊन मोबाइलवर येते. जामसाहेबांचं मोठेपण त्याने कमी होत नाही, पण इतिहास चुकतो.

खरा दुवा हवा असेल तर मुंबई घ्या. आकाशवाणीची ती ओळखीची सिग्नेचर ट्यून बांधणारे वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये प्राग सोडून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. आणि गोड शेवट शोधू नका. युद्ध सुरू झाल्यावर नाझींपासून पळून आलेल्या कित्येक ज्यूंनाही इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून अहमदनगर, पुरंदरसारख्या ठिकाणी स्थानबद्ध केलं. सादरीकरणाआधी मसुदा एखाद्या अभ्यासकाला दाखवा.

प्रश्न : ऑशवित्झचं गॅस चेंबर युद्धानंतर बांधलेलं आहे असा व्हिडिओ आलाय. खरं काय?

मूळ छावणीतल्या गॅस चेंबरच्या इमारतीत युद्धानंतर चिमणी आणि दोन भट्ट्या पुन्हा उभारल्या. हे संग्रहालय स्वतःच सांगतं, त्यात कसलं रहस्य? बिर्केनाऊची मोठी गॅस चेंबर एस.एस.ने पळताना जानेवारी १९४५ मध्ये स्फोटाने उडवली, ते ढिगारे जागेवर आहेत. मूळ छावणीतल्या त्या इमारतीशेजारीच छावणीचा कमांडंट रुडोल्फ होस याला १६ एप्रिल १९४७ ला फाशी दिलं, तोही आपला गुन्हा सविस्तर कबूल केल्यानंतर. व्हिडिओ पुढे पाठवू नका. होलोकॉस्ट नाकारणं जर्मनीत आणि पोलंडमध्ये गुन्हा आहे, गंमत म्हणूनही नको.

प्रश्न : गळ्यात स्वस्तिकाचं लॉकेट आहे, आईने दिलेलं. काढावं लागेल का?

काढून बॅगेत ठेवा. आपलं स्वस्तिक आणि नाझींचं चिन्ह वेगळं, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. शेजारी उभ्या असलेल्या, जिचं अख्खं घर तिथे संपलं त्या बाईला ते समजावून सांगण्याची ही जागा नाही.

प्रश्न : फोटोंना परवानगी आहे?

फ्लॅशशिवाय आहे, पण मृतांचे केस ठेवलेल्या दालनात आणि ११ क्रमांकाच्या ब्लॉकच्या तळघरात अजिबात नाही.

प्रश्न : आमच्या वर्गात अलिबागकडची बेने इस्रायल मुलगी आहे. तिला समारोपाचं भाषण द्यावं का?

तिला विचारा. कोकणातले बेने इस्रायल नाझींच्या हाती सापडले नव्हते, त्यामुळे तिच्याकडून घरच्या आठवणींची अपेक्षा धरू नका. ‘तू ज्यू आहेस, तूच बोल’ असं म्हणाल तर तिचा प्रवास तिथेच बिघडेल.

प्रश्न : मुलीला मधूनमधून पॅनिक अटॅक येतात. मार्क जातील म्हणून ती सांगायला तयार नाही. पाठवू का? (सांगली, पालक)

ताई, हे पत्राने ठरवण्यासारखं नाही. तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना कार्यक्रम दाखवून विचारा, आणि निघण्याच्या आठवड्यात नको, महिनाभर आधी. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, हाताशी राहील अशी. बरोबर जाणाऱ्या मॅडमपैकी एकीला तरी विश्वासात घ्या. एखाद्या दालनाबाहेर थांबायचा हक्क प्रत्येकाला असतो, त्यावर मार्क कापणारा शिक्षक असेल तर मला कळवा. केसांच्या दालनाबाहेर मी स्वतः दोनदा थांबलो आहे.

प्रश्न : बूट कोणते घ्यावेत?

जुने, पायात बसलेले, पाणी न शिरणारे. बिर्केनाऊचं आवार १७१ हेक्टर आहे, आणि पाऊस झाला की चिखल होतो.