पेशी की स्नायू? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नातू इंदुरातच हिंदी माध्यमात नववीला आहे. त्याच्या पुस्तकात ‘पेशी’चे तीन प्रकार दिले आहेत. मी शिकले तेव्हा पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यांत छोटा घटक. अभ्यास घेताना रोज वाद होतो. चुकतंय कोण? – एक आजी, रामबाग

उत्तर : कोणीच नाही, आजी. हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी म्हणजे त्यांची ‘कोशिका’. खरी फसगत पुढे आहे. त्याच्या पुस्तकात ‘स्नायु’ हा शब्दही सापडेल, पण तो हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधासाठी. घरी मराठीत समजावून घेतलेलं मूल पेपरात पेशीच्या जागी ‘स्नायु’ लिहून आलं, तर गुण गेलेच. त्यांचे रेखित, अरेखित आणि हृद् पेशी हे तीन प्रकार म्हणजे आपले पट्टकी, अपट्टकी आणि हृदयाचे स्नायू.

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात पट्टकी आणि हृदयाच्या स्नायूची स्लाइड ओळखताना हमखास गोंधळ होतो. पट्टे दोन्हींत असतात, आणि कधीकधी तर कुठेच दिसत नाहीत. – एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : पट्टे दिसत नाहीत याचं कारण बहुधा उजेड. सूक्ष्मदर्शकाच्या मंचाखालची, उजेड कमीजास्त करणारी झडप पूर्ण उघडी असली की सगळं गुलाबी सपाट दिसतं. आधी १० पटीच्या भिंगाखाली तंतू लांबीत कापलेले आहेत अशी जागा शोध, मग ४० पटीचं भिंग लाव आणि झडप हळूहळू मिट. पट्टे उठून येतात.

मात्र पट्ट्यांवर निकाल देऊ नकोस, केंद्रकं बघ. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात ती निळी-जांभळी दिसतात. पट्टकी स्नायूचा तंतू लांब दंडगोल, फाटे नसलेला. त्यात पुष्कळ केंद्रकं आणि सगळी कडेला, आवरणालगत. हृदयाच्या पेशी आखूड, फाटे फुटून शेजारणीला जोडलेल्या. केंद्रक एक, फार तर दोन, आणि मधोमध. दोन पेशींच्या सांध्यावर आडवी रेघ असते. ती या रंगात फिकी पडते, म्हणून नाही दिसली तरी घाबरू नकोस.

आडवा छेद असला तर पट्टे दिसायचेच नाहीत. तिथे केंद्रकाची जागा हाच आधार. अपट्टकी पेशी चातीसारखी, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती. त्यामुळे आडव्या छेदात लहानमोठी वर्तुळं दिसतात आणि केंद्रक फक्त मोठ्या वर्तुळांत सापडतं, कारण बाकीच्या पेशी टोकाकडे कापल्या गेलेल्या असतात. पुष्कळ मुलं इथे ‘केंद्रक नाही’ असं लिहून मोकळी होतात.

आणखी एक चकवा कंडरेचा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचा. तीही गुलाबी, समांतर धाग्यांची. पण तिथे बारीक चपटी केंद्रकं धाग्यांच्या मधल्या फटीत असतात. अपट्टकी स्नायूत केंद्रक पेशीच्या आत असतं.

प्रश्न : पट्टकी म्हणजे ऐच्छिक असं शाळेत पाठ करून घेतलं. मग श्वास? झोपेतही चालतोच की! – एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : ‘ऐच्छिक’ हा शब्द आम्हालाही अपुराच वाटतो. श्वासपटल पट्टकी स्नायूचंच आहे. त्याला हुकूम मात्र मेंदूच्या बुंध्यातल्या लंबमज्जेकडून सतत येत राहतो. तुम्ही थोडा वेळ दम कोंडू शकता, पण रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की लंबमज्जा तुमचं ऐकत नाही.

सराफ्यातल्या खाऊबाजारात भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाचा घास घ्या. चावणं, जिभेनं तो मागे ढकलणं तुमच्या हातात. घशाला लागला की तो परत बोलावता येत नाही. तरी अन्ननलिकेचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग पट्टकी स्नायूचाच आहे, मधला मिश्र आणि खालचा अपट्टकी. म्हणजे पट्टकी असूनही तिथे तुमची इच्छा चालत नाही.

मूत्राशयाचं उलट पाहा. भिंत अपट्टकी, ती आपणहून आवळते. बाहेरची झडप पट्टकी, ती रोखून धरणं लहान मूल शिकतं. परीक्षेत ‘ऐच्छिक’ लिहायचंच असेल तर पुढे ‘बहुतांशी’ जोडा.