बिनव्याजी वचनचिठ्ठीवर व्याजाची नोंद का करायची?

वचनचिठ्ठीवर, म्हणजे ठरलेल्या तारखेला पैसे द्यायच्या लेखी वचनावर, व्याजदर लिहिलेला नसला, तरी व्याज दर्शनी रकमेतच (चिठ्ठीवर लिहिलेल्या रकमेतच) मुरलेलं असतं. विकणारा दोन वर्षं फुकट थांबत नाही.

समजा, १ एप्रिलला मशीन घेतलं आणि दोन वर्षांनी १,२१,००० रुपये द्यायची बिनव्याजी चिठ्ठी लिहून दिली. बाजारातला दर १० टक्के. आजचं मूल्य १,२१,००० भागिले १.२१ (दोन वर्षांचे १.१० × १.१०), म्हणजे १,००,०००. मशीनची किंमत हीच. नोंद अशी: मशीन खातं नावे १,००,०००, चिठ्ठीवरील सूट खातं (अजून खर्चात न धरलेलं व्याज) नावे २१,०००, देय चिठ्ठी खातं जमा १,२१,०००.

इथे बरेच विद्यार्थी २१,००० चे दोन सारखे भाग करतात. तसं करू नका, कृपया. पहिल्या वर्षी व्याज १,००,००० वर १०,०००. ते मिळवून दुसऱ्या वर्षी १,१०,००० वर ११,०००. दर ३१ मार्चला व्याज खर्च नावे, सूट खातं जमा. मुदतीला सूट खातं शून्य होतं आणि पूर्ण १,२१,००० चुकते होतात.

इंड एएस १६ (मशीनसारख्या स्थिर मालमत्तेचं भारतीय लेखा मानक) मध्येही हेच आहे: नेहमीच्या उधारीपेक्षा जास्त मुदत असेल, तर रोख किमतीवरची जादा रक्कम व्याज धरायची. सगळे १,२१,००० मशीनवर टाकले, तर घसारा फुगतो आणि व्याजाचा खर्च दिसतच नाही.